आधी बसायचं कुणी

"बसा की गं," मी म्हणाले. "आता कुणाची वाट बघताय?"

कुणी हललं नाही. पॅकिंगच्या लांबलचक टेबलामागे नव्याकोऱ्या खुर्च्या ओळीनं मांडलेल्या आणि प्रत्येक खुर्चीपुढे तिची मालकीण उभी. एका हातात टॉनिकची बाटली, दुसऱ्या हातात खळीचा ब्रश, डोक्यावर पदर. मागे जरा रेललं तरी खुर्ची पाठीला लागावी इतक्या जवळ, पण टेकायचं नाव नाही. पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं. लाजताहेत म्हटलं, लाजू देत, पाय बोलायला लागले की आपोआप बसतील. आता तिसरा आठवडा सरत आला होता आणि त्या खुर्च्यांवर बसत होती ती फक्त धूळ.

मी कमलिनी वर्तक, मूळची वसईची. गोष्ट आहे चौसष्ट सालची, कऱ्हाडच्या पलीकडे कृष्णाकाठी असलेल्या एका औषधांच्या कारखान्यातली. माणसांच्या कामाचा अभ्यास करणारी बाई ही चीज तेव्हा आपल्याकडे कुणी पाहिलेली नव्हती. मी मानसशास्त्रात एम. ए. केलं, मग विलायतेत राहून कारखान्यातलं काम कसं बघायचं ते शिकले. माणूस कुठं वाकतो, कशानं थकतो, कशानं कंटाळतो आणि त्याला कमी दमवून तेच काम कसं उरकेल, एवढंच ते शास्त्र. सांगायला सोपं आहे. परत आल्यावर मात्र उंबरे झिजवले. एका गिरणीच्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, टायपिंग येतं का?

अशा वेळी दादासाहेब आगटे भेटले. या कारखान्याचे मालक. पुण्यात राहायचे, अधूनमधून कारखान्यावर चक्कर मारायचे. म्हणाले, वर्षभर करून बघा, जमलं तर राहा, नाहीतर गाडीभाडं आमच्याकडून. मी ट्रंक भरली आणि आले.

येताना एक गोष्ट लक्षात घेतली नव्हती. कारखान्यात अधिकारी होते, ते सगळे पुरुष. बायका होत्या, त्या सगळ्या कामगार. आणि मी होते. संध्याकाळी क्लबात पुरुष पत्ते खेळायचे, त्यांच्या बायका शेजारच्या खोलीत विणकाम करायच्या. मी आत शिरले की पुरुष एकदम सभ्य व्हायचे आणि बायका एकदम गप्प. दोनतीनदा गेले, मग सोडून दिलं. दुपारी कामगार बायका कडुनिंबाखाली गोल करून भाकरी सोडायच्या. मी तिथून गेले की "या बाई जेवायला" म्हणायच्या, कारण तसं म्हणायचं असतं. मी "चालू द्या तुमचं" म्हणायची, कारण तसंच म्हणायचं असतं. मग खोलीवर येऊन एकटी डबा उघडायची. सरळ सांगते, मला फार एकटं वाटायचं. इतकं की जेवताना मी स्वतःशी मोठ्यानं बोलायला लागले होते. आज मीठ कमी पडलंय हं, कमले. वेड लागायची चिन्हं, दुसरं काय!

तर खुर्च्या. पॅकिंगचं काम सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभ्यानं चालायचं. लेबल चिकटवा, बूच बघा, बाटली खोक्यात घाला. यात उभं राहायची काडीचीही गरज नव्हती, पण पहिल्या दिवसापासून उभ्यानं चाललं होतं म्हणून चाललं होतं. हौसाबाई जगताप नावाची एक बाई होती, तिशीतली, जिभेला धार असलेली. तिच्या पोटऱ्यांच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या होत्या. संध्याकाळी गावाकडे निघाली की वाटेत दोनदा बसायची. कंपनीच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, हिला असं उभं ठेवाल तर पाय जातील, एक तर बसायचं काम द्या, नाहीतर घरी पाठवा. बसायचं काम कारखान्यात नव्हतंच. घरी बसून राहायचीही सोय नव्हती, कारण नवरा गेलेला आणि पदरी दोन पोरी.

मी सुताराच्या डोक्यावर बसून खुर्च्या करून घेतल्या. उंच, पाठ असलेल्या, पायाखाली आडवी पट्टी, कोपर बरोबर टेबलाच्या वर येईल अशा. वर्क्स मॅनेजर टिपणीस साहेबांनी खर्चावर सही केली ती दादासाहेबांचा शब्द होता म्हणून. वर म्हणाले, आता गाद्या-उशांचंही बघा. माणूस तसा वाईट नव्हता हो. पण बाईनं सुचवलेली गोष्ट त्यांच्या घशाखाली उतरायची नाही. खुर्च्या रिकाम्या राहिल्या तसा त्यांना चेव चढला. मला बोलावून त्यांनी स्पष्टच सांगितलं की पुढच्या मंगळवारी दादासाहेब येताहेत, तोवर बायका बसून काम करताना दिसल्या नाहीत तर खुर्च्या कँटीनला जातील, हौसाबाईचा हिशेब होईल आणि तुमचं काय करायचं ते दादासाहेब ठरवतील.

दुसऱ्या दिवशी मी बाटल्या धुवायच्या अंगणात होते. तिथून पॅकिंगची खिडकी दिसते. सहज आत नजर गेली आणि बघतच राहिले. सगळ्याजणी बसल्या होत्या! पाय पट्टीवर, पाठ टेकलेली, हात सुसाट चाललेले, आणि हौसाबाई कसली तरी नक्कल करून बाकीच्यांना हसवत होती. मला वाटलं, देव पावला. तशीच धावत वळसा घालून दारातून आत शिरले. माझ्या पाठोपाठ मुकादम तात्या खाकरत आले आणि बघते तो काय, सगळ्या ताडकन उभ्या. पदर डोक्यावर, नजर बाटलीवर.

अच्छा, म्हटलं, म्हणजे पाणी इथं मुरतंय.

तात्या जगताप म्हणजे साठीचा, सरळ पाठीचा, कमी बोलणारा माणूस. पॅकिंगमधल्या निम्म्या बायका त्यांनीच आपल्या आणि आसपासच्या गावांतून आणलेल्या. त्यामुळे ते कुणाचे सासरे, कुणाचे चुलतसासरे, कुणाचे मामा. हौसाबाई त्यांच्या चुलतभावाची सून. तात्यांचा दरारा आहे हे मला ठाऊक होतं, पण ते मुद्दाम बायकांना बसू देत नाहीत असं माझ्या मनानं तेव्हाच ठरवून टाकलं. मी तणतणत त्यांना अंगणात बोलावलं आणि म्हटलं, तात्या, तुम्ही त्यांना बसायला सांगा. ते लगेच आत आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बसा गं पोरींनो, बाई सांगत्यात."

एकीनंही बसायचं मनावर घेतलं नाही. उलट पदर आणखी बोटभर पुढे आले.

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात विजय वगैरे काही नव्हता, खरं तर ते माझ्याइतकेच अडचणीत दिसले. "बाई, मी नगं म्हनत न्हाई," ते हळू आवाजात म्हणाले. "पर मी हितं हुबा, अन् माझ्या सुना माझ्याम्होरं खुर्चीत बसतील व्हय? मी सांगून काय उपेग?"

"मग तुम्ही बसा आधी."

"टिपणीस सायेब दिसातनं दोनदा फेरी मारत्यात. ते हुबं अन् मी बसलेला? न्हाई जमायचं, बाई."

झालं! म्हणजे मी ज्यांच्यावर खार खाऊन होते ते स्वतःच अडकलेले. संध्याकाळी मी हौसाबाईला गाठलं. ती फाटकापाशी पोटऱ्यांना चिंधी बांधत होती. मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले माहीत आहे ना, मंगळवारी तुझी नोकरी जाईल, मग असल्या वेळी कसला मान नि कसली लाज? तिनं आधी गाठ मारली.

"नोकरी जाईल ती जाईल," ती म्हणाली. "पर मामंजी हुबं असताना मी बसली, तर गावात माझ्या पोरींना सून कोन करून घेईल? म्हनतील, आई तसली, लेकी बी तसल्याच."

विलायतेत मला प्रकाश, हवा, खुर्चीची उंची, कामातली विश्रांती, सगळं शिकवलं होतं. चुलतसासऱ्यावरचा धडा कुणी घेतला नव्हता.

खोलीवर आले, डबा उघडला आणि पहिला घास हातातच राहिला. आमच्या वसईच्या घरात सगळ्यांत वडीलधारे आबा जोवर घास उचलत नसत तोवर अख्खी पंगत पानाकडे बघत बसायची. भूक लागलेली, भात निवतोय, पण हात कुणाचा हलायचा नाही. आणि आबांनी घास घेतला रे घेतला की कुणी कुणाला जेवा म्हणावं लागायचं नाही. अगं कमले, म्हटलं, तू खालून सुरुवात करते आहेस. ही पंगत आहे. वरच्यानं बसल्याशिवाय खालचं पान हलायचं नाही.

सकाळीच टिपणीस साहेबांकडे गेले. म्हटलं, तुम्ही रोज फेरीच्या वेळी पॅकिंगमध्ये थोडा वेळ बसा, मग तात्या बसतील, मग बायका. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मिस वर्तक, मी कामाच्या जागी खुर्चीत बसू? दादासाहेबांनी मला फॅक्टरीत बसलेलं आजवर पाहिलेलं नाही. पाहणारही नाहीत." आणि पुन्हा चष्मा लावून त्यांनी कागद पुढे ओढले.

म्हणजे तेही पंगतीतच. आता एकच पान उरलं, सगळ्यांत वरचं.

मंगळवारी सकाळी मी शिपायाकडून ऑफिसातली हातांची मोठी खुर्ची पॅकिंगमध्ये आणवली, ती दादासाहेबांना. एक वेताची, टिपणीस साहेबांना. तात्यांसाठी प्रयोगशाळेतलं उंच स्टूल. मालकाला हुकूम सोडायचा होता, आणि तोही वर्षभराच्या बोलीवर आलेल्या बाईनं.

दादासाहेब आले. सत्तरीचे, धोतर, लांब कोट, चांगले धट्टेकट्टे. मागे टिपणीस साहेब, त्यांच्या मागे तात्या. बायका नेहमीसारख्या उभ्या, मागे खुर्च्या रिकाम्या. टिपणीस साहेब अदबीनं म्हणाले, हेच ते नवीन फर्निचर. दादासाहेबांनी एका खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला, मग माझ्याकडे बघितलं. "काय हो वर्तकबाई? वापरत नाहीत वाटतं."

"दादासाहेब, तुम्ही जरा बसता का?" मी म्हणाले.

"मी? मी दमलो नाही."

"दमला नाहीत हे दिसतंच आहे. पण मला जे दाखवायचंय ते तुम्ही उभे असताना दिसायचं नाही."

दादासाहेबांच्या भुवया वर गेल्या, मला वाटलं, संपलं, आज रात्रीच्या गाडीनं वसई. पण म्हातारा हौशी होता. काठी बाजूला ठेवून तो त्या मोठ्या खुर्चीत ऐसपैस बसला. बसल्यावर वर बघितलं तर टिपणीस साहेब डोक्यावर उभे. "अहो, तुम्ही का उभे? मान दुखते माझी वर बघून. बसा." टिपणीस साहेब वेताच्या खुर्चीच्या कडेवर बसले, इतके कडेवर की पडतात की काय असं वाटावं. मग मी तात्यांपुढे स्टूल सरकवलं. तात्यांनी मालकांकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, आणि गुडघ्यांवर हात ठेवून फोटोला बसावं तसे बसले. बसल्यावर एकदा खाकरले.

आणि खुर्च्या सरकल्या. एक, मग तिच्या शेजारची, मग सगळ्या ओळीचाच खरखराट. सगळ्यांत शेवटी हौसाबाई बसली. पट्टीवर पाय ठेवला आणि तिनं डोळे मिटून घेतले. तेवढ्यासाठी मी आणखी दहा टिपणिसांशी भांडले असते.

कुणी बसा म्हटलं नव्हतं. दादासाहेब चकित होऊन बघत होते. मीही बघत होते. हात आता भराभर चालतील, खिडकीतून दिसले होते तसे, म्हणून डोळ्यांत प्राण आणून बघत होते.

पण हात चालेनात. बाटल्या धरलेल्या, ब्रश धरलेले, आणि सगळ्या अवघडून बसलेल्या. हौसाबाईनं डोळे उघडले होते आणि ती माझ्याकडे बघत होती. मग तिची शेजारीण माझ्याकडे बघायला लागली, मग तात्यासुद्धा. मला आधी कळेना. काय झालं, काही चुकलं का? मग हौसाबाई दोन्ही हात टेबलावर टेकून उठली.

"बाई, तुमी बसा," ती म्हणाली. "मी ऱ्हाते हुबी."

ती उठली तशी तिच्या शेजारचीनं पाय पट्टीवरून काढले. तिच्या पलीकडचीही सरसावली. तात्या स्टुलावरून अर्धवट उठले.

तेव्हा कळलं. अख्ख्या खोलीत उभी होते ती मी एकटी. सगळ्यांची बसायची सोय करताना मी स्वतःला धरलंच नव्हतं. आणि तेव्हा आणखी एक गोष्ट कळली, ती जास्त लागली. इतके आठवडे मी त्या बायकांपुढे उभी राहून बसा, बसा म्हणत होते. त्या बाटल्या धुवायच्या अंगणातून धावत आत गेले तेव्हा तात्या माझ्या मागे होते. पुढे मीच होते.

पुढे मला अनेकांनी विचारलं, मग स्वतःसाठी एक खुर्ची का नाही हो आणलीत? आणली असती. पण ठेवायची कुठं? साहेबांच्या ओळीत ठेवली असती तर साहेबांना जड. बायकांच्या ओळीत ठेवली असती तर बायकांना जड. जमिनीवर फतकल मारली असती तर सगळ्याच्या सगळ्या दचकून उठल्या असत्या, की बाई खाली आणि आपण वर. त्या खोलीत माझ्यासाठी जागाच नव्हती, खुर्ची हा पुढचा प्रश्न. हौसाबाईचे ते पाय टेबलाखालून मला दिसत होते. अजून एक क्षण मी तिथं थांबले असते तर ओळीच्या ओळ उभी राहिली असती, आणि टिपणीस साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला असता.

"बस गं हौसा," मी म्हणाले. "मला धुलाईकडे काम आहे. दादासाहेब, तुम्ही बघत राहा, घाई करू नका."

"हां, हां, या तुम्ही," दादासाहेब माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी बाहेर आले आणि दार लोटून घेतलं. धुलाईकडे काम कसलं, काही नव्हतं. भिंतीपाशी उन्हात उभी राहिले. आतून पुन्हा खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. मग बाटलीवर बाटली टेकल्याची किणकिण, आधी सावकाश, मग लागोपाठ, आणि थोड्या वेळानं कुणीतरी फिसकन हसलं. तात्या खाकरले तरी ते हसू थांबलं नाही.

खुर्च्या राहिल्या. हौसाबाईची नोकरी राहिली, पुढे दोन्ही पोरींची लग्नं तिनं त्याच खुर्चीवर बसून केली. टिपणीस साहेब रोज फेरीला जाऊन वेताच्या खुर्चीत टेकायला लागले आणि ती युक्ती त्यांचीच होती असं दोनतीन वर्षांत त्यांना प्रामाणिकपणे वाटायलाही लागलं. मलाही कायम केलं. नंतर मी कितीतरी कारखाने पाहिले, सत्कार झाले, हारतुरे झाले. लोक विचारतात की बाई, या धंद्यात सगळ्यांत अवघड काय? मी त्यांना काहीतरी शास्त्रीय सांगते.

पण त्या दिवशी उन्हात उभी असताना मला इतका आनंद झाला होता की कुणाचा तरी हात धरून सांगावंसं वाटत होतं, ऐक, ऐक ना आत काय चाललंय. इकडे तिकडे बघितलं. धुतलेल्या बाटल्या उन्हात पालथ्या घातल्या होत्या आणि कडुनिंबाखाली कुणी नव्हतं. डोळे भरून आले ते पदरानं पुसले.

फाटकावरचे देवकर पहारेकरी पाण्याची बादली घेऊन जाताना थबकले. "बाई, मालक आत आल्यात, अन् तुमी ह्या उनात हुभ्या?"

"आत सगळे बसलेत, मामा," मी म्हणाले.